कलमी गुलाब

रोपवाटिकेत गुलाबाचे झाड घ्यावयास गेलेला मनुष्य प्रथम फूल पाहतो, मग कळ्या मोजतो, आणि फार झाले तर पानांवर कीड नाही ना, एवढे न्याहाळतो. बुंध्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जाणता माळी मात्र खाली बसतो आणि सर्वांत आधी बुंधाच पाहतो. मातीच्या वर चार बोटांवर खोडाला एक ओबडधोबड गाठ असते. त्या गाठीच्या खालचे झाड वेगळे आणि वरचे झाड वेगळे. मुळे एकाची, फुले दुसऱ्याची. आणि हे दोन परके जीव एकमेकांच्या आधाराने वर्षानुवर्षे नांदतात. हे नांदणे नीट समजले, म्हणजे गुलाबाची निगा कशी राखावी यातील निम्मा भाग समजला म्हणावयास हरकत नाही.

गुलाब हा शब्द मूळचा फारसी आहे. गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. तेव्हा हे नाव खरे म्हणजे गुलाबपाण्याचे. आपण ते फुलालाच देऊन टाकले. ज्या फुलांपासून गुलाबपाणी आणि गुलकंद करतात, ती देशी गुलाबाची फुले होत. ती आकाराने बेताची, दाट पाकळ्यांची आणि अतिशय सुवासिक असतात. परंतु देठावर ती ताठ उभी राहत नाहीत, लवकर गळतात आणि त्यांतील काही जातींना तर वर्षातून एकदाच बहर येतो. लांब दांडीचा, टोकदार कळीचा, एका दांडीवर एकच मोठे फूल देणारा जो गुलाब आपण बागेत लावतो, तो संकरित गुलाब. माळी लोक त्याला ‘हायब्रिड टी’ म्हणतात. त्याच्या पूर्वजांपैकी काही गुलाबांना चहाच्या पानांसारखा वास येई, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

हा गुलाब निसर्गाने आयता दिलेला नाही. युरोपातील जुने गुलाब थंडी सोसणारे होते, पण बहुतेक एकदाच फुलत. चीनमधील गुलाब नाजूक खरे, परंतु ते पुन्हा पुन्हा फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी गुलाबांची रोपे जहाजांतून युरोपात पोचली आणि दोन्ही घराण्यांच्या सोयरिकी होऊ लागल्या. १८६७ साली फ्रान्समधील लिआँ शहराच्या गियो नावाच्या बागवानाने ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाबी रंगाचा गुलाब लोकांपुढे आणला. हायब्रिड टी घराण्यातील पहिला गुलाब म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

ह्या घराण्यात तेव्हा गडद पिवळा रंग नव्हता. लिआँच्याच पेर्ने-ड्युशे ह्या बागवानाने इराणकडच्या एका पिवळ्या गुलाबाशी संकर करण्याचा ध्यास घेतला. अनेक वर्षे खटपट केल्यावर १९०० साली त्याने ‘सोलेई दोर’, म्हणजे ‘सोनेरी सूर्य’, हा गुलाब विक्रीस आणला. आज आपल्या अंगणात जे पिवळे, नारिंगी आणि केशरी गुलाब दिसतात, त्यांचा हा पूर्वज. परंतु त्या इराणी गुलाबाला पानांवर काळे ठिपके पडण्याचे दुखणे फार. पिवळा रंग आला आणि त्याच्या पाठोपाठ ते दुखणेही ह्या घराण्यात पसरले. सोयरीक केली म्हणजे गुण तेवढे घेऊन दोष बाहेर ठेवता येत नाहीत. निळा रंग मात्र अजून आलेला नाही. जपानी शास्त्रज्ञांनी दुसऱ्या फुलाचा जनुक गुलाबात घालून केलेला ‘निळा’ गुलाब २००९ साली बाजारात आला, पण डोळ्यांना तो फिकट जांभळाच दिसतो.

संकर कसा करतात ते आता पाहू. एका झाडावरची कळी उमलण्यापूर्वीच तिच्या पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकतात. मग चिमट्याने तिचे सर्व पुंकेसर काढतात, म्हणजे तिचे स्वतःचे पराग तिच्यावर पडत नाहीत. ह्या उघड्या कुक्षीवर दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावतात आणि वरून कागदाची पिशवी बांधतात. काही महिन्यांनी तेथे बोराएवढे फळ पिकते. त्यातील थोडे बी रुजते, पुष्कळसे रुजतच नाही. जी रोपे उगवतात त्यांतील कोणतीही दोन सारखी नसतात, जशी एकाच घरातील भावंडे सारखी नसतात. हजारो रोपांतून एखादेच मनासारखे निघते. त्या एका रोपाचे बी पुन्हा पेरले, तर पुढची रोपे पुन्हा निराळीच येतात. मग हवा तोच गुलाब दुसऱ्याच्या अंगणात लावावा कसा? बी उपयोगाचे नाही. त्या झाडाचाच एक तुकडा घेऊन तो वाढविला पाहिजे. हा तुकडा म्हणजे पानाच्या बगलेतील डोळा. तो डोळा काटक मुळांच्या जंगली गुलाबावर बसवितात. त्या जंगली झाडाला ‘खुंट’ म्हणतात आणि ह्या क्रियेला ‘डोळा भरणे’ म्हणतात. बुंध्यावरची ती गाठ म्हणजे डोळा भरल्याची खूण.

एका रोपापासून किती झाडे होतात, याचे उदाहरण ‘पीस’ ह्या गुलाबाचे आहे. फ्रान्समधील फ्रान्सिस मेयाँ ह्या तरुण बागवानाने १९३५ च्या सुमारास केलेल्या संकरातून एक विलक्षण रोप निघाले. मोठे, फिकट पिवळे फूल, आणि पाकळीच्या कडेला गुलाबी छटा. त्याने त्याला आपल्या आईचे नाव दिले. इतक्यात दुसरे महायुद्ध जवळ आले. त्याने ह्या झाडाच्या डोळकाड्या परदेशी बागवानांकडे पाठवून दिल्या. पुढे देशादेशांतील टपाल बंद पडले आणि आपल्या गुलाबाचे बाहेर काय झाले, हे मेयाँला कळेना. इकडे जर्मनीत, इटलीत आणि अमेरिकेत ते डोळे खुंटांवर जगले होते, आणि प्रत्येक ठिकाणी त्या गुलाबाला वेगळे नाव मिळाले होते. २९ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातील युद्ध संपत आले असताना, अमेरिकेत त्याचे ‘पीस’ म्हणजे ‘शांतता’ असे नामकरण झाले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापनेसाठी सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींना ह्या गुलाबाचे एकेक फूल देण्यात आले. जगात आज जेथे जेथे ‘पीस’ फुलतो, तेथील प्रत्येक झाड त्या एकाच रोपाच्या डोळ्यांतून निघालेले आहे.

आपल्या देशातही हे काम मोठ्या माणसांनी केले आहे. डॉ. बेंजामिन पिअरी पाल हे गव्हाचे नवे वाण काढणारे थोर शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला दाद न देणारा ‘एन. पी. ८०९’ हा गहू त्यांच्या नावाशी जोडलेला आहे. १९६५ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले. गव्हाचा संकर करणाऱ्या ह्याच हातांनी त्यांनी गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती काढल्या. ‘दिल्ली प्रिन्सेस’ आणि पांढराशुभ्र ‘डॉ. होमी भाभा’ ह्या त्यांतील दोन. आपल्या उन्हात आणि पावसात टिकतील असे गुलाब आपणच तयार केले पाहिजेत, ह्या विचाराने ते काम करीत. परदेशी नावाच्या झाडामागे धावणाऱ्या हौशी लोकांनी ह्या जातींकडेही जरा पाहावे, असे मला वाटते.

आता घरच्या बागेकडे वळू. गुलाबाला दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. त्यातही सकाळचे ऊन अधिक चांगले. आंब्याच्या सावलीत लावलेला गुलाब उंच वाढतो, पण फुलत नाही. ज्यांना अंगण नाही, त्यांनी गच्चीवर किंवा उन्हाच्या सज्जात तीस सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीत लावावा. जमिनीत लावावयाचा असेल, तर सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा व काही दिवस त्याला ऊन खाऊ द्यावे. महाराष्ट्रातील काळी चिकण माती पाणी धरून ठेवते आणि गुलाबाची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून तळाशी विटांचे तुकडे घालून वर पोयट्याची माती, थोडी रेती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. शेणखत कुजलेलेच हवे. ताज्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात. दोन झाडांत पाऊण मीटर तरी अंतर ठेवावे. झाड लावताना ती गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे.

ही गाठ वर का ठेवावयाची, हे मला पुस्तकातून कळले नाही. ते एक झाड गमावल्यावर कळले. मी नुकताच शिक्षक झालो होतो आणि एका तालुक्याच्या गावी भाड्याच्या घरात राहत होतो. अंगणात मी हौसेने ‘पीस’ लावला. पहिल्या हिवाळ्यात त्यावर सात फुले आली. ती पाहण्यास शेजारपाजारची माणसे येऊन गेली. पुढच्या पावसाळ्यात बुंध्यापासून एक जाड, हिरवीगार, लुसलुशीत फूट निघाली. तिची वाढ पाहून मला कोण आनंद झाला! वरच्या जुन्या फांद्या तिच्यापुढे दुबळ्या दिसत होत्या. मी त्या नव्या फुटीला काठीचा आधार दिला आणि रोज पाणी घातले. दिवाळीपर्यंत ती माझ्या डोक्याच्या वर गेली. पण तिला एकही कळी आली नाही. जुन्या फांद्या मात्र एकेक करून वाळत चालल्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या उंच फुटीवर बारीक, पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांच्या फुलांचा झुबका आला, तेव्हा मी गोंधळून गेलो.

आमच्या शाळेच्या बागेचे काम एक वृद्ध माळी पाहत असत. आम्ही सर्व जण त्यांना माळीबाबा म्हणत असू. मी त्यांना घरी घेऊन आलो. ते बुंध्याजवळ उकिडवे बसले, हाताने माती बाजूला केली आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचा गुलाब कधीच गेला. हा तर खुंट आहे.”

“पण बाबा, फूट किती जोमाची होती!” मी म्हणालो.

“जोमाची असणारच. मुळं त्याचीच ना! घरच्या लेकराचं ताट काढून तुम्ही वाटसरूला जेवायला घातलंत.”

गाठीच्या खालून निघणारी फूट ही खुंटाची फूट असते. मुळांनी ओढलेले अन्नपाणी ती खालच्या खालीच घेते आणि वरच्या कलमाची उपासमार होते. तिची पाने बहुधा अधिक लहान, फिक्या रंगाची आणि एका देठावर सात दले असलेली असतात. पण नुसती दले मोजून निवाडा करू नये, कारण काही कलमी गुलाबांनाही सात दलांची पाने येतात. फूट गाठीच्या वरून निघाली की खालून, हे माती उकरून पाहणे हाच खरा निवाडा. खालून निघाली असेल तर ती कोवळी असतानाच, जेथून फुटली तेथूनच ओढून काढावी. जमिनीलगत कापली तर तिच्या बुडाशी राहिलेले डोळे फुटतात आणि एकीच्या जागी चार येतात. गाठ मातीत पुरली गेली असली, तर वरचे कोणते आणि खालचे कोणते हेच कळत नाही.

दुसरा कठीण प्रसंग छाटणीचा. आपल्याकडे पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर महिन्यात, गुलाबाची मुख्य छाटणी करतात. हिरवेगार झाड कापावयास हात धजत नाही. पुष्कळ लोक शेंडे खुडून समाधान मानतात. असे झाड उंच, उघड्या बुंध्याचे आणि बारीक फुलांचे होते. याचे कारण असे आहे, की फांदीच्या शेंड्याला एक द्रव्य तयार होते. शास्त्रज्ञ त्याला ऑक्झिन म्हणतात. ते खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा कापला की हा अंमल संपतो आणि खालचे डोळे जागे होतात. म्हणून वाळक्या, रोगट आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढाव्यात, आणि चार-पाच जोमदार फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर, किंचित तिरपा असावा. डोळा बाहेर पाहत असेल तर नवी फांदी बाहेर वाढते आणि झाडाच्या पोटात हवा व ऊन खेळते. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने काडी चेचते आणि तेथून फांदी काळी पडत खाली वाळत येते. मोरचूद आणि चुना यांचा लेप कापावर लावतात, तो ह्यासाठीच. हे लेपाचे काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे. छाटणीच्या वेळी मुळे उघडी करून आठवडाभर उन्हात टाकण्याची एक जुनी रीत आहे. मला ती पसंत नाही. त्यात बारीक मुळे तुटतात आणि झाड उगाच थकते.

छाटणीनंतर साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फुले येतात. हा हिशेब मोठा उपयोगी आहे. पंडित नेहरू आपल्या कोटावर लाल गुलाब लावीत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. त्यांच्या जन्मदिवशी, १४ नोव्हेंबरला, तुमच्या झाडावर फूल हवे असेल, तर दिवस मागे मोजून ३० सप्टेंबरच्या सुमारास कात्री हाती घ्यावी लागेल. थंडी अधिक असली की काही दिवस जास्त लागतात, हेही धरून चालावे.

छाटणी झाली की प्रत्येक झाडाला घमेलेभर शेणखत, मूठभर हाडांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड घालून माती हलकेच चाळवावी. चहाचा चोथा घालण्याची पद्धत घरोघर आहे. धुऊन घातला तर ठीक. दूधसाखरेसह ओतला तर तो मुंग्यांची पंगत मांडतो. पाणी सकाळी आणि बुंध्याशी घालावे, पानांवर शिंपडू नये. काळ्या ठिपक्यांचा रोग ही एक बुरशी आहे, आणि तिला रुजण्यासाठी पान कित्येक तास ओले राहावे लागते. संध्याकाळी भिजविलेले पान रात्रभर ओले राहते. म्हणजे बुरशीची सोय आपणच करून दिली. ठिपके पडलेली पाने वेचून दूर टाकावीत, झाडाखाली कुजू देऊ नयेत. हिवाळ्यात कोवळ्या पानांवर पिठासारखी पांढरी भुरी दिसते. तिच्यावर गंधकाची भुकटी धुरळतात. पण कडक उन्हात गंधकाने पाने भाजतात. उन्हाळ्यात पाने मळकट पिवळी दिसू लागली, तर पान उलटून पाहावे. बारीक जाळी आणि हलणारे तांबूस ठिपके दिसले, तर तो लाल कोळी. ह्या वेळी मात्र पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा सकाळी मारावा. शिरा हिरव्या आणि मधले पान पिवळे, अशी कोवळी पाने निघाली तर तो रोग नव्हे. चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळत नाही, त्याची ती खूण. आपले शेतकरी त्याला केवडा म्हणतात.

फूल तोडण्यासही रीत आहे. ते ओढून किंवा पिरगळून काढू नये. पाच दलांचे सुदृढ पान जेथे असेल, त्याच्या जरा वर कापावे. त्या पानाच्या बगलेतील डोळ्यातून पुढचे फूल येते. कोमेजलेली फुलेही अशीच काढावीत, नाहीतर झाड फळ धरण्याच्या खटपटीस लागते. आणि हात सांभाळावे. गुलाबाचा काटा बोगनवेलीच्या काट्यासारखा लाकडातून निघालेला नसतो. तो नुसता सालीचा उंचवटा असतो. बाजूने अंगठ्याने दाबला तर निघून येतो. टोचताना मात्र हा फरक जाणवत नाही.

माझ्या त्या अंगणातील झाडाची हकीकत थोडी राहिली. मी ते उपटावयास निघालो, तेव्हा माळीबाबांनी मला थांबविले. “मुळं चांगली आहेत, गुरुजी. थंडी येऊ द्या,” असे ते म्हणाले. थंडी पडल्यावर त्यांनी खुंटाची एकच नवी काडी ठेवून बाकी सर्व कापले. गावातील एका गृहस्थांकडून ‘पीस’ची ताजी काडी आणली. तिची पाने कापली, पण पानांचे आखूड देठ राहू दिले. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर घेतली. काडीवरून ढालीच्या आकाराचा, डोळ्यासह सालीचा तुकडा उतरविला, चिरेच्या दोन्ही कडा उचलून तो आत सरकवला आणि डोळा तेवढा उघडा ठेवून पट्टी बांधली. सारे काम दोन मिनिटांचे. डोळ्याची आतली बाजू वाळू द्यावयाची नसते.

“आता ह्या देठाकडे लक्ष ठेवा,” ते मला म्हणाले. “तो वाळून डोळ्यालाच चिकटून राहिला, तर डोळा मेला. पिवळा पडून बोट लावताच गळला, तर समजा जगला.”

अठराव्या दिवशी सकाळी मी देठाला बोट लावले. तो टपकन खाली पडला. त्याखालचा डोळा हिरवा होता आणि किंचित फुगला होता.